तिठ्यावरचं गाऱ्हाणं

आमच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, हवालदार गाडी अडवायचा तेव्हा लायसन नंतर मागायचा. आधी विचारायचा, "खंयचो रे? कोणाचो?"

सिंधुदुर्गात 'कुठला, कोणाचा' हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. लग्नात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर. विचारणाऱ्याला कुठेतरी ओळख लागते का ते बघायचं असतं, त्यात वाईट काही नाही. पण या हवालदाराच्या तोंडी तो आला की उत्तरावर पावती ठरायची. अमक्याचा पुतण्या, तमक्या सरपंचाचा मेव्हणा, रिसॉर्टवाल्याचा ड्रायव्हर, असं काही ऐकलं की त्याचा हात हलायचा आणि गाडी सुटायची. ज्याच्याकडे सांगण्यासारखं कोणी नसायचं त्याच्या नंबरप्लेटसमोर मशीन यायचं आणि दंडाच्या पावतीसाठी फोटो निघायचा.

माझ्या आईकडे सांगण्यासारखं कोणी नव्हतं. बाबा मुंबईला गोदीत आणि गोदीतल्या संघटनेत. गावात त्यांची ओळख म्हणजे पत्रकं वाटणारा माणूस. सुट्टीवर येताना त्यांच्या पिशवीत खाऊपेक्षा पत्रकं जास्त असायची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. 'कमळ' लिहिता येण्याआधी मला 'निषेध' लिहिता येत होतं.

आई पन्नाशीला आल्यावर स्कूटर शिकली. पहाटे उठून घावणे काढायचे, काळ्या वाटाण्याचं सांबारं करायचं, डब्यांत भरायचं आणि किनाऱ्यावरच्या होमस्टेंना गरम गरम पोचवायचं, हा तिचा धंदा. रिक्षाने तो परवडत नव्हता. स्कूटर आली आणि तो उभा राहिला.

पहिल्यांदा तिला अडवलं तेव्हा चूक तिचीच होती. हेल्मेट हँडलला टांगलेलं होतं. तिच्या पुढच्या जीपवाल्याने पट्टा लावला नव्हता आणि तो फोनवर बोलत होता. त्याला "कोणाचो?" झालं आणि तो हसत निघून गेला. मग हवालदार आईकडे वळला.

"काकी, घोव खंय तुमचो?"

"मुंबैक."

"काय करता?"

"गोदयेत आसत."

"तो पत्रकवालो?" तो हसला आणि फोटो मारला.

आईने पावती भरली आणि हेल्मेट डोक्यावर आलं. पुढल्या वेळी त्याला पीयूसीची मुदत संपलेली सापडली. त्याच्या पुढल्या वेळी काहीच सापडेना, म्हणून डब्यात काय आहे ते दाखवा म्हणाला. तिला सगळे डबे रस्त्यावर उतरवायला लावले, झाकणं उघडायला लावली आणि पलीकडे जाऊन चहा पीत बसला. घावणे गार झाले. होमस्टेवाल्याचे पाहुणे ताटकळले आणि त्याने उद्यापासून नको म्हणून सांगितलं.

आईने घरी येऊन स्कूटरवर ताडपत्री टाकली.

"इकून टाकूया गो. आपल्याक झेपणासारखी नाय ती."

माझी आई असं बोलणाऱ्यातली नव्हती. ताडपत्रीखालची ती गाडी बघून मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही. नियम, समानता, कायद्याचं राज्य हे सगळं मला पाठ होतं, पण त्या दिवशी मला त्यातलं काही नको होतं. चारचौघांत तिला जे वाटलं ते चारचौघांत त्याला वाटायला हवं होतं.

मला एकच हत्यार येत होतं. मी पत्रक लिहिलं आणि बाजाराच्या दिवशी वाटलं. एक मुद्दाम त्याच्या हातात दिलं. त्याने माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचलं.

"बरा लिवतस गो. माझा नाव घालूक विसारलस," म्हणाला आणि त्याची घडी करून वारा घ्यायला लागला.

लोकांनी पत्रक वाचून माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी तेच लोक तिठ्यावर आपापल्या काकांची, मामांची नावं सांगून सुटत होते. मला त्यांचाही राग आला. तो अजून आहे.

मग मी देवळाच्या मानकऱ्यांकडे गेले. जत्रेला देवासमोर गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाला मोठ्याने सांगायचं मागणं. ते एकेक वाक्य बोलतात आणि प्रत्येक वाक्याला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. ते खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सुपारी सोलत बसले होते.

"पोलिसाक देवाकडे कित्याक व्हरतस?"

"माणसा ऐकणत नाय म्हणान."

"तुझा पत्रक वाचलंय मी. लय लांब. देवाक थोडक्यात लागता."

"मगे सांगशात?"

त्यांनी हातातली सुपारी सुपात टाकली. "माझो झिल पण सुटता थंयसून, माझा नाव सांगान. माका म्हायत आसा." मग म्हणाले, "सांगतंय. पण नाव घेवचंय नाय. आणि तेचा वायट मागूचंय नाय."

"मगे उपयोग काय?"

"तू तोंड बंद ठेव."

मला वाईटच मागायला हवं होतं. मी नाराज होऊन परत आले.

जत्रेला बंदोबस्ताला तोच होता. याच जिल्ह्यातला माणूस, त्यामुळे देवळात शिरताना बूट बाहेर काढलेले, टोपी काखेत. खांबाला टेकून उभा होता. आई बायकांच्या घोळक्यात होती, मी तिच्या शेजारी. गाऱ्हाणं सुरू झालं. पाऊसपाणी, मासळी, मुंबईला गेलेल्यांची सुखरूप वाट. प्रत्येक वाक्याला गाव हुंकारत होता आणि सगळ्यांत खणखणीत आवाज हवालदाराचा होता. गाऱ्हाण्यात शब्दांकडे कोण लक्ष देतो? लहानपणापासून सवय असते, वाक्य थांबलं की तोंड उघडतं.

"आणि बा देवा म्हाराजा, ह्या गावच्या तिठ्यार जो कोण तुझो लेकरू उनापावसात उभो ऱ्हवता..."

"व्हय म्हाराजा."

"तेका माणूस बघून कायदो आठावता आणि माणूस बघून इसार पडता..."

इथे गाव सावध झाला. पुढच्या रांगेतल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आवाज निम्म्यावर आले.

"तेची नजर साफ कर. जीपवालो आणि घावणेवाली तेका सारखीच दिसांदेत, आणि दिसनत नाय तर तेका सुखाची झोप लागा नको."

सगळा गाव गप्प बसला आणि त्या शांततेत एकच आवाज आला, पूर्ण छातीने, "व्हय म्हाराजा."

आपणच बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. बायकांतून कोणीतरी खुसकन हसलं. मानकऱ्यांनी मान न वळवता पुढचं वाक्य घेतलं.

"आणि ज्येनां आता व्हय म्हटल्यान, तेच्या शब्दाक तू साक्षी ऱ्हव."

या वेळी गावाने असा आवाज दिला की घंटा हलली असेल. त्याचे कान लाल झाले होते. टोपी काखेतून पडली, ती उचलायलाही तो वाकेना. मी त्याच्याकडे बघत राहिले. मला दया आली नाही, आणि यायला हवी होती असं आजही वाटत नाही.

देवासमोर दिलेला शब्द मोडायची हिंमत इथला माणूस करत नाही, अंगावर वर्दी असली तरी. दुसऱ्या दिवसापासून तिठ्यावर "कोणाचो?" बंद झालं. त्या जीपवाल्याला पावती मिळाली. मानकऱ्यांच्या मुलालाही मिळाली. तो आमच्या खळ्यात येऊन ओरडून गेला, "तुमच्या चेडवान गावाचो घात केल्यान." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. आईने त्याला चहा विचारला, तो न घेताच गेला.

त्या आठवड्यात आईने ताडपत्री काढली. दुसरा होमस्टे मिळाला होता. पहिल्याच सकाळी ती परत आली ती रिकामे डबे वाजवत.

"पावती मारल्यान माका. हॅल्मेटाचो पट्टो लावूक नाय होतंय."

"आणि पुढच्याक?"

"पुढच्याक मारल्यान, मागच्याकय मारल्यान. सगळे रांगेत उभे, लग्नाच्या पंगतीक बसल्यासारखे." ती हसत होती. मग डबे विहिरीकडे नेता नेता थांबली. "माका म्हणता, काकी, चेडवाक सांगा, आता तरी माफ कर."

"मगे तू काय सांगलस?"

"म्हटलंय, ता तू तेकाच इचार. माझे घावणे गार जातत."

त्याने मला अजून विचारलेलं नाही. मी रोज तिठ्यावरून जाते, सगळी कागदपत्रं घेऊन, आणि तो विचारेल त्या दिवसासाठी माझं उत्तर तयार आहे.