तिरक्या रेघेचा संशय

आकाराम आमच्या साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे रानात जाऊन उसाची नोंद तपासणारा माणूस. पन्नाशी आली तरी हुद्दा बॉयचाच. इस्लामपूरकडच्या पाच गावांत कुठला बांध कुणाचा, हे तलाठ्याच्या आधी त्याला ठाऊक. मी कचेरीत त्याच्या शेजारच्या टेबलावर होतो.

१९७६ साली साहेबांना नोंदी यंत्रावर तपासून घ्यायची हौस आली. कार्डांना भोकं पाडून ती मुंबईला जायची. तिथल्या कुणा दीडशहाण्यानं नियम घातला, की जमिनीच्या नंबरात तिरकी रेघ दिसली की ती खाडाखोड धरायची आणि नोंद संशयित ठरवायची. आमच्याकडं भावाभावांत वाटणी झाली की ११४ चे ११४/१ आणि ११४/२ होतात. पाचशे नोंदींतल्या चारशे संशयित निघाल्या. ती यादी बघून मला शिसारी आली.

"सायेब, ह्या समद्या खऱ्या हायत. रेघ वाटणीची हाय," आकाराम म्हणाला.

"यंत्राला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. फेरतपासणी कर."

११४/२ राहीबाईचा. नवरा गेल्यापासून दीर नानासो त्या रानावर टपलेला. एकदा ऊस कारखान्याला माझ्या नावानं गेला की वहिवाट माझीच, असं तो चावडीवर सांगायचा. राहीबाईनं आकारामला गाठलं. "आवं तात्या, ऊस तेवढा माज्या नावानं जाऊ द्या."

"जाईल की. मी हाय न्हवं," तो म्हणाला.

महिनाभर तो सायकलवर फिरून वीस वर्षं पाठ असलेले बांध परत मोजत राहिला. चूक एकही सापडली नाही. राहिलेल्या शंभर बिनरेघेच्या नोंदींचा गठ्ठा त्यानं माझ्या टेबलावर बसून न वाचता सह्या करून संपवला.

"यंत्रानं पास केल्यात गड्या. आता डोळं कशाला फोडून घिऊ?"

मी हसलो. त्या हसण्याची आजही किळस येते.

राहीबाईची खरी नोंद तपासून झाली तरी फेरतपासणीच्या ढिगातच अडकलेली असताना तिच्या उसावर तोडकऱ्यांची टोळी आली. टोळीकडं ऊसतोडीची चिठ्ठी होती नानासोच्या नावाची. त्यानं सबंध ११४ नंबर आपला म्हणून लिहून दिला होता. रेघ नाही, म्हणून संशय नाही. खाली आकारामची सही.

आम्ही पोचेतो निम्मं रान मोकळं झालं होतं. बांधावर उभ्या राहीबाईनं चिठ्ठी त्याच्यापुढं धरली.

"यंत्राला न्हाई म्हाईत, तात्या. तुमाला तर म्हाईत हुतं."