डोळ्यांवरची झुलपं

ताथवड्यातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहायचे. नाव कधी विचारलं नाही. शनिवारी संध्याकाळी ते गॅलरीत बसून कुरळ्या केसांच्या कुत्र्याचं डोकं मांडीवर घ्यायचे, हनुवटी दोन बोटांत धरून आधी विंचरायचे, मग हलक्या हाताने कात्री चालवायचे. डोळ्यांवरची झुलपं तेवढी सोडायचे. मला ते फार खुपायचं.

“काका, डोळ्यांवरचे राहिले की,” एकदा मी म्हणालोच.

“राहू दे बाबा. पोरगा अपघातात गेला. याला नीट दिसलं, की कंपनीच्या बसमधून उतरणारा एकेक माणूस निरखत बसतो. बघवत नाही.”

तेवढ्यात चाकणहून बस आली. कुत्रा तसाच पडून राहिला. काकांनी कात्री ठेवली, चष्मा पुसला आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत ते गेटकडे बघत राहिले.