खवट दाणा

दुपारी गॅलरीत बायको भाजलेल्या शेंगा खात बसली होती. "बस झालं," म्हणून तिनं टरफलं गोळा केली, आणि नेमका तोंडातला शेवटचा दाणा खवट निघाला. तिनं पुन्हा शेंगांत हात घातला. मला हसू आलं, तर म्हणाली, "मग काय, असं खवट तोंड घेऊन उठू?"

तीस वर्षं मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. फळ्यावर घटत्या उपयोगितेची उतरती रेघ काढायचो आणि सांगायचो, की घासागणिक समाधान कमी होत जातं. त्या रेघेत खवट दाण्याला जागाच नव्हती.

आमची मुलगी मेंदूवर संशोधन करते. सकाळी फोनवर उत्साहानं सांगत होती, की मेंदू नुसती चव मोजत नाही. काय मिळेलसं वाटलं होतं आणि काय मिळालं, यातला फरक तो मोजतो, आणि त्यावरून पुढचं ठरवतो. माणूस निवड कशी करतो याची अर्थशास्त्रातली गणितंही आता त्यावरून नव्यानं मांडतात म्हणे. मला ते लागलं. "म्हणजे आम्ही जन्मभर चूकच शिकवलं म्हण की," असं बोलून मी फोन ठेवून दिला.

सकाळी मुलीला माझ्याकडून काय मिळेलसं वाटलं होतं, ते आत्ता ध्यानात आलं. एक 'शाब्बास', दुसरं काय!

बायकोला तीन दाण्यांची शेंग लागली. ती चावून समाधानानं उठली. मी फोन लावला.

"काय, बाबा?" आवाज जपून आला.

"सकाळचं पहिल्यापासून सांग," म्हटलं. "आता मध्ये बोलत नाही."