इंजिनं पाहणारं स्थळ

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मला नांदुऱ्याचं एक स्थळ आलं होतं. शेती चांगली, मुलगा शिकलेला. मामा चौकशी करून आले आणि ओसरीवर बसून माझ्या वडिलांना म्हणाले, "बाकी सारं बरं हाय, पण पोरगा टेसनावर इंजिनं पाहत बसते. अशा छंदी माणसाले घरादाराची सुध राह्यत नाही. बायकोसंग काय बोलन तो?"

वडिलांनी नकार कळवला. मला कोणी विचारलं नाही.

पुढे खामगावात माझं लग्न झालं. नवरा सरळ माणूस. कापसाच्या बाजारातून आला की मुकाट्याने जेवायचा आणि आडवा व्हायचा. त्याला कसलाच नाद नाही, हे मामा सगळ्यांना कौतुकाने सांगत.

एकदा मामा मला माहेरी न्यायला आले. जलंबला गाडी बदलायची होती. फलाटावर एक माणूस लहान मुलीला खांद्यावर घेऊन इंजिन दाखवत होता.

"पाह्य, पाणी पेऊन राह्यलं ते."

"अन् आमाले तहान लागली त्याचं काय?" त्याची बायको हसत म्हणाली. तोही हसला आणि लगेच तांब्या घेऊन नळाकडे गेला.

मामा हळूच म्हणाले, "हाच तो, नांदुऱ्याचा."

आमची गाडी आली तरी मी त्यांच्याकडेच पाहत होते. इंजिनातलं मला काही कळत नाही. पण ती बाई नवऱ्याशी किती सहज बोलली, याची चुटपुट अजून जात नाही.