साडूची पोती

माझ्या साडूला कुणीच वाईट म्हणत नाही, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे.

पूर्वी तो घड्याळं दुरुस्त करायचा. मोबाइल आले, लोकांनी घड्याळं बांधायचं सोडलं आणि हा दुकानात माशा मारत बसू लागला. माझी बायको म्हणाली, "त्यांना तुमच्या हाताखाली घ्या." घेतलं. माझा चॉकलेटचा धंदा; घराच्या मागच्या दोन खोल्यांत कोकोच्या बिया भाजायला, फोलपटं पाखडायला, ग्राइंडरवर तासन्‌तास दळायला मीच त्याला शिकवलं. दोन वर्षांनी त्याने स्वतःच्या स्वयंपाकघरात चॉकलेट करायला घेतलं, तेही मला विचारून. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही गड्याने.

आम्ही दोघंही एकाच बागेतून बिया घेतो, मधे दलाल नाही. बागवाल्या बाई फळं फोडून बिया लाकडी पेट्यांत आंबवतात, उन्हात वाळवतात आणि पोती भरतात. बाग तीच, बाई त्याच, भाव तोच. तरी त्याची चॉकलेटची वडी लोक डोळे मिटून चघळतात आणि माझी खाऊन "छान आहे" म्हणतात. ते "छान आहे" मला शिवीसारखं लागतं. माझी सख्खी बायको पाहुण्यांपुढे बहिणीकडची वडी ठेवते. विचारलं तर म्हणते, "हाताशी होती म्हणून." माझी काय माळ्यावर असते?

गेल्या महिन्यात बेकरीवाल्याने आम्हा दोघांना सांगितलं, "काउंटरवर जागा पुरत नाही. नव्या पिकाची वडी आणा, एकाचीच ठेवतो." माझा निम्मा माल त्या काउंटरवरून खपतो. मला अन्न गोड लागेना. मग डोक्यात पक्कं बसलं की बाई त्याला निवडक पोती देत असणार. बोलायला गोड आहे ना. बाईंच्या भिंतीवरचं घड्याळ त्याने फुकटात चालू करून दिलंय, हेही मी विसरलो नव्हतो.

तो पोती आणायला जायच्या आदल्या दिवशी मीच बागेत जाऊन थडकलो. शेडमध्ये पोत्यांच्या दोन थप्प्या होत्या. एकीवर खडूने 'थोरले' लिहिलं होतं, म्हणजे मी; दुसरीवर 'धाकटे', म्हणजे तो.

"बाई, यंदा धाकट्याची पोती मला द्या," मी म्हणालो.

"का हो?"

"का ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

बाईंनी वाद घातला नाही. दोन्ही थप्प्यांतून पन्नास-पन्नास बिया काढल्या, दोन फळ्यांवर मांडल्या आणि सुरीने उभ्या चिरल्या. नीट आंबलेली बी आतून तपकिरी असते. कच्ची राहिली की जांभळी दिसते आणि तुरट लागते. एका फळीवर जांभळ्या बिया दोन-तीनच होत्या, दुसरीवर वीसेक तरी असतील.

मी चांगल्या फळीवर बोट ठेवलं. "आता तरी कबूल करा. ही त्याची ना?"

"ही तुमची," बाई म्हणाल्या. "भिंतीकडच्या पेट्यांना ऊब कमी मिळते. त्यातला माल त्याला जातो. दर वर्षी."

"मग तो करतो काय त्याचं?"

"एकेक बी हाताने निवडतो. कच्ची बी चपटी लागते म्हणे बोटांना. ती वेगळी काढून मंद आचेवर भाजतो." बाईंनी सुरी पुसली. "आणि ही वाटणी माझी नाही. पहिल्याच वर्षी सांगून गेला, चांगली पोती दादांना द्या, त्यांनी मला शिकवलंय. तुम्हाला कळू देऊ नका म्हणाला होता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी एक वेळ कसंबसं गिळलं असतं. पण चार वर्षं तो मला झुकतं माप देत होता आणि तरीही माझ्या पुढे होता. त्याने मला फसवलं असतं तर निदान चारचौघांत शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"मग काय करू?" बाईंनी विचारलं. "म्हणालात तशी अदलाबदल करायची?"

मी दोन्ही फळ्यांकडे पाहिलं. बेकरीवाल्याचा काउंटर डोळ्यांपुढून हलेना.

"राहू द्या," मी म्हणालो. "माझीच पोती गाडीत चढवा. आणि मला हे कळलंय, ते त्याला सांगू नका."