मानांग बिसिंगच्या ग्रुपात नवऱ्याचा अर्ज

आता आठवलं की हसू येतं, पण मानांग बिसिंग (वयाने मोठ्या बाईला आम्ही मानांग म्हणतो, बाप्याला मानोंग) आमच्या मोलोच्या गल्लीत राहायला आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, काय देवभोळी बाई आहे! रोज संध्याकाळी ओसरीत बसलेली, मान खाली, ओठ हलतायत. नवरा बोटीवर, त्याच्यासाठी जपमाळ ओढतेय बिचारी. शेजारच्या लुमेनने तर तिचं उदाहरण देऊन सुनेला चांगलं सुनावलंही. मग एकदा लुमेन व्हिनेगर मागायला गेली आणि जवळून ऐकलं. बाई फोनवर कुणाला तरी लिहिता लिहिता पुटपुटत होती, "गाढवा, आधी पायाचे धडे वाच, मग तोंड उघड."

तर जपमाळ नव्हतीच ती. ग्रुप होता. 'सावकाश वाद' त्याचं नाव. कुठली कुठली डोकेबाज माणसं त्यात भांडायची. मेलेल्याला दिलेला शब्द पाळायचा का, आजाऱ्याशी खोटं बोलावं का, असलं. बिसिंग त्याची ॲडमिन. नवा माणूस आला की आधी त्याने पायाचे धडे, म्हणजे वाद कसा घालायचा त्याचे पहिले नियम, वाचायचे, मग परीक्षा. परीक्षा अशी की समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं, आणि ते ऐकून समोरच्याने स्वतः म्हटलं पाहिजे, "हो, हेच." तोवर आपलं मत पोटात ठेवायचं.

बिसिंग आत शिरली तेव्हा तिलाही असंच रगडलं होतं म्हणे. पण घरात दुसरं होतं कोण? रगडायला का होईना, कुणीतरी रोज बोलत होतं.

आणि मग दुलोय, म्हणजे तिचा नवरा, कायमचा घरी आला. जन्म बोटीच्या इंजिनांना तेल घालण्यात गेला होता त्याचा. आता बायकोच्या हातचं जेवू, ओसरीत बसू, गप्पा मारू, एवढंच डोक्यात. आठवडाभरात त्याला कळलं की बायको जेवताना "भात सरकव" एवढंच बोलते. बाकीचं बोलणं फोनमधल्या लोकांसाठी राखून ठेवलेलं. हसायचीही त्यांच्याशीच.

"काय झालं हसायला?" तो विचारायचा.

"तुला नाही कळायचं."

"सांग की."

"त्याला पाया लागतो, दुलोय."

बायकोने आपल्याशी बोलावं, याउपर त्या माणसाला काही नको होतं. ती जिथे बोलते तिथे जायचं, असं त्याने ठरवलं आणि ग्रुपात शिरला. पहिल्याच दिवशी लिहिलं, "शुभ संध्याकाळ. मला वाटतं मनाला पटेल ते करावं." खाली एक गुलाबाचं फूल चिकटवलं.

बाकोलोदच्या एका दंतवैद्य बाईने लगेच विचारलं, "हे फूल कुठल्या मुद्द्याचं उत्तर आहे?" ग्रुपभर हशा. ओसरीतून बिसिंगचंही हसणं स्वयंपाकघरात ऐकू आलं. मग तिने त्याचं लिहिलेलं पुसलं, फुलासकट, आणि खाली टाकलं: 'नवीन सदस्याने आधी पायाचे धडे वाचावेत.'

दुलोय हातात पातेलं घेऊन बाहेर आला. "अगं, मी नवरा आहे तुझा!"

"तिथे नाहीस."

"मग तू शिकव ना मला."

"मला कुणी शिकवलं होतं?"

वाचायला बसला बिचारा. नाकावर चष्मा, बोट ओळीवर. जेवताना सराव करायचा.

"तुझं म्हणणं असं, की कालवणात बातवान कमी पडलंय, आंबट झालं नाही."

"नाही. माझं म्हणणं असं, की तुला एक काम सांगितलं तर तेही जमत नाही. पुन्हा मांड."

गल्लीला काय, आयतीच करमणूक. तुबा प्यायला गेला की गुत्त्यावरचे मेले ओरडायचे, "दुलोय, तुझं म्हणणं असं, की बायकोने तुला आत घ्यावं?" तोही हसायचा. काय करणार? इकडे परीक्षेत बिसिंग त्याला नापास करत राहिली. एकदाही वशिला चालू दिला नाही हो बाईने! जारोच्या एका मास्तरने मध्ये पडून म्हटलं, जाऊ दे, वय झालंय त्यांचं. तिने मास्तरलाच समज दिली.

मग ग्रुपात विषय निघाला: फार वर्षांनी परतलेल्या माणसाला घरातली जुनी जागा परत मिळावी का? बिसिंगने भलंमोठं 'नाही' लिहिलं. दुलोय म्हणाला, माझी परीक्षा ह्याच्यावर घ्या. दुपारभर लिहीत बसला.

त्याने मांडलं ते असं: 'तिचं म्हणणं, जागा कुणी चोरली नाही. तो नव्हता, तेव्हा ती रिकामी होती आणि रिकामी जागा फार दुखते. म्हणून तिने ती भरली, हाताला लागेल त्याने. आता तो दारात उभा राहून म्हणतो, काढ हे सगळं, मला बसायचंय. पण ते काढलं तर ती परत तेवढीच एकटी होईल, आणि तो काही तेवढा मोठा माणूस नाही, की सगळी जागा भरेल.'

ओसरीत बिसिंगचे ओठ थांबले. ग्रुपात सगळे वाट बघत होते. शेवटी तिने लिहिलं, "हो, हेच."

अभिनंदनांचा नुसता पाऊस! दंतवैद्य बाईने तर ह्या वेळी स्वतः फूल पाठवलं. आता त्याला आक्षेप घ्यायची मुभा होती. त्याने लिहिलं, "आक्षेप नाही."

सकाळी तो पिशवी भरून बसला. समोरच्या गिमारास बेटावर भाऊ होता, तिकडेच राहणार म्हणाला. पाव कॉफीत बुडवत बिसिंग म्हणाली, "आक्षेप का नाही घेतलास?"

"तुझं पटलं मला."

"पटलं तरी एक घ्यायचा असतो. धड्यात आहे."

त्याने पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधला. थांब म्हणेल म्हणून. ती पावाचे कण गोळा करत होती. मग तो बाहेर जाऊन टॅक्सीवाल्याला म्हणाला, "ओर्तिझ धक्का."

"परोला," मागून बिसिंग म्हणाली. "गिमारासच्या होड्या आता तिथून सुटतात."

"बिसिंग, मी ह्या शहरात जन्मलोय. ओर्तिझच."

"बघू या ना," म्हणत बाई घरातल्या चपलांवरच टॅक्सीत बसली. दुलोयचा चेहरा असा उजळला, की टॅक्सीवाल्यानेही आरशातून पाहिलं.

ओर्तिझला होडी नव्हतीच. सुकी मासळी विकणारी बाई म्हणाली, "केव्हाच बदललं, मानोंग. परोलाला जा."

टॅक्सी परोलाला वळली. धक्क्यावर तो पिशवी घेऊन उतरला तशी तिने काच खाली केली.

"मग? कुठून सुटते?"

"परोलाहून."

"कुणाचं बरोबर?"

"तुझं, बिसिंग."

"घरी जायचंय, मोलोला," ती टॅक्सीवाल्याला म्हणाली आणि काच वर केली.