गुलाम नबी पेंटरची निळी मोटार

उमरखेडात मोटारीला रंग द्यायचा तो गुलाम नबी चाचांनीच, असा एक काळ होता. खासगी सर्व्हिसच्या गाड्या त्यांच्या दारात रांगेनं उभ्या असत. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान त्यांच्या घराला लागून, मधे फक्त कुडाची भिंत. मालक घाई करू लागला की चाचा खेकसत, "वाळू दे ना रे बाप्पा! मोटार हाय, म्हैस नाही धुतली की हाकलायले."

मग सरकारी गाड्या आल्या, खासगीवाल्यांनी मोटारी विकल्या, आणि चाचांकडे दुकानांच्या पाट्या तेवढ्या उरल्या. महाराष्ट्र झाला त्या साली पाट्यांवरची अक्षरंही डोलायला लागली. लोक म्हणत, म्हातारा पिऊन राह्यला. ज्या माणसानं कधी विडी ओढली नाही, त्याच्यावर हा आळ! त्या लोकांचा मला अजून राग येतो.

चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, अजून कच्चा आहे, पिकू द्या, मग काढू. पिकेपर्यंत खायचं काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. ही गोष्ट एकट्या रहमतबी चाचीला ठाऊक होती. मला दोघांनी कळू दिली नाही, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या उमरखेडाला माहीत. मला कळलं ते सगळं आटोपल्यावर.

त्या हिवाळ्यात यवतमाळला मोटारींच्या बॉड्या बांधणारा एक कारखाना निघाला. त्यांना कायमचा एक रंगारी हवा होता. मालकानं सागाच्या हातभर मोटारी करवून घेतल्या आणि येईल त्या रंगाऱ्याला एकेक दिली. घरी न्या, रंगवून आणा, ज्याची सफाई चांगली तो कामावर.

चाचांनीही एक आणली. मूलबाळ नव्हतं, जमीन नव्हती. चाचीला म्हणाले, "हे काम हुकलं तर मशिदीची पायरी हाय आपल्याले. दोघायले."

लाकडाच्या भेगांत लांबी भरली, अस्तर दिलं, घासलं. इथवर हात चालतो, डोळे लागत नाहीत. खरी परीक्षा वरच्या निळ्या रंगाची. कापसाची जिनं सुरू झाली होती आणि गावभर रुई उडत होती. चाचांनी जमीन शिंपली, खिडकीला ओलं गोणपाट लावलं, तरी पहिल्या हाताला टपावर तंतू बसले. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ते घासून काढले. दुसऱ्या हाताला दारावर ओघळ आला. तोही घासला, तर कडेचं लाकूड उघडं पडलं, पुन्हा अस्तरापासून सुरुवात. तिसऱ्या वेळी रंग बसला की नाही कळेना म्हणून चाचांनी बोट लावून पाहिलं, आणि ओल्या रंगावर बोटाचा ठसा उमटला. त्या दिवशी ते रडले. भिंतीपलीकडून मला ऐकू आलं. मला वाटलं पडसं झालं असेल.

तेव्हापासून त्यांनी ठरवलं, शेवटच्या हाताला बोट लावायचं नाही, चाचीनं पाहून सांगायचं. भर दुपारी चाची मोटार घेऊन दारात उन्हात बसे. नाक टेकेल इतकी जवळ धरून पाही.

"इकडे कण हाय काय?"

"नाही जी. साफ है."

"बोनेटवर?"

"आरशासारखं हाय. काहून एवढं भेता?"

मोटार मलमलमध्ये गुंडाळून आम्ही निघालो. मला सायकलचे सुटे भाग आणायचे होते, म्हणून मीही सोबत. पुसदवरून यवतमाळपर्यंत चाचांनी ती मोटार मांडीवरून खाली ठेवली नाही. वाटेत दोनदा म्हणाले, "बाबुलाल, चाळीस वर्सं रंग देल्ला म्या. कारखान्यावाल्यायले दिसंनच ना?"

"दिसंन ना चाचा, काहून नाही दिसणार?"

कारखान्यातला मिस्त्री भला माणूस होता. मोटार फिरवून त्यानं मान डोलावली. कडा चांगल्या, वळणं चांगली. मग उजेडात नेली आणि थांबला. म्हणाला, "चाचा, हे काय?"

मी पाहिलं. निळ्या बोनेटवर, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, रंगात रुतलेला एक लांब पांढरा केस. मैलावरून दिसला असता.

चाचा म्हणाले, "काय हाय?" मिस्त्रीनं त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. चाचांचं बोट धरून त्यानं त्या केसावर ठेवलं. वाळलेल्या रंगावरून चाचांनी ते एकदा पूर्ण फिरवलं. आजवर माणसाचा चेहरा मी असा पडलेला पाहिला नाही. काम दिग्रसच्या एका रंगाऱ्याला मिळालं.

परतताना चाचांचं बोट मलमलीखाली त्या केसावरच होतं. घरात शिरल्यावर चाचीनं विचारलं, "काय म्हणले?"

चाचांनी मोटार तिच्या हातात दिली. "बोनेट पाह्य. त्याच्यावर काय हाय सांग मले."

चाचीनं मोटार नाकाशी नेली, तिरपी केली, दारात जाऊन उन्हात धरली. मी तिथंच उभा होतो. तिचा पदर सरकला होता आणि पांढऱ्या बटा त्या बोनेटवर लोंबत होत्या. तेव्हा मला एकदम आठवलं की गेलं वर्षभर चाचीनं पाठवलेल्या खिचडीत मला खडे लागत होते आणि मी दुकानदाराला शिव्या घालत होतो.

"साफ तं हाय," ती म्हणाली.

"कवापासून, रहमतबी?"

"तुमच्या आधीपासून," ती म्हणाली. "तुम्ही माह्या डोयाच्या भरोशावर ब्रश उचलला. कसं सांगू?"

चाचांनी आवाज चढवला नाही. भिंतीशी बसून त्यांनी मोटार मांडीवर घेतली, पॉलिश पेपरचा तुकडा चाचपून काढला आणि म्हणाले, "पानी दे. हा बाल काढून टाकू." कोणासाठी काढणार होते, अल्ला जाणे.

चाचीनं समोर वाडगं ठेवलं आणि वरून लोटा वाकवला. पाणी वाडग्याच्या बाहेर जमिनीवर पडत राहिलं, आणि चाचा म्हणत होते, "बस, बस, भरलं आता."